होडीचा उरलेला रंग

वरळी, कोळीवाडा
शिमगा होऊन चार दिवस, शनिवार

प्रिय लहू,

बघ, लिहिलं तुझं नाव. बारा वर्षं ते तोंडातून काढलं नव्हतं. आता माघात पंचांपुढे काडी मोडली, आपण एकमेकांचे कोणी राहिलो नाही, तेव्हा नाव घ्यायला मला कोण अडवणार? लहानपणी याच गल्लीत 'ए लहू' म्हणून तुझ्या पाठीत ओल्या वाळूचे गोळे मारत होते, तीच सवय पुन्हा लावून घेते झालं. पण पुढचं हसण्यासारखं नाही. हे पत्र तू स्वतः वाच. घोडपदेवच्या चाळीत वाचून दाखवणारे शहाणे पुष्कळ असतील, त्यांच्या हातात देऊ नकोस, आणि शेवंताच्या कानावर तर मुळीच जाऊ देऊ नकोस. जोडाक्षराला अडलास तर तिथेच थांब आणि ओठ हलवून पुन्हा वाच, मी शिकवलं होतं तसं. लहू, मला भीती वाटते आहे. परवा सोमवारी गाठीच्या रोगाच्या कामावरची माणसं आपल्या दारात येणार आहेत, आणि ती आयला उचलून नेतील.

आयची तिजारी तुला ठाऊक आहे. दर फाल्गुनात येते, एक दिवस आड, चार-पाच पाळ्या झाल्या की जाते. या खेपेला गुरुवारी हुडहुडी भरली, काल अंग गार होतं, आज दुपारपासून पुन्हा कढत आहे. म्हणजे उद्या ती उठून बसेल, जवळ्याची चटणी मागेल, आणि सोमवारी पुन्हा तिचे दात वाजायला लागतील. मी बोटांवर मोजून पाहिलं. उलटं मोजून पाहिलं. दर वेळी सोमवारच येतो. ताप चढला की मी तिच्या काखेत, जांघेत चाचपून बघते. गाठ नाही. तिला गुदगुल्या होतात, म्हणते, "काय गो चाचपतंस? मी काय पाटीतला पापलेट हाय?" मी हसते, पण माझे हात गार पडलेत हे तिला कळतं. तुझ्या आयचे डोळे गेले तेव्हापासून तिच्यापासून काही लपत नाही. पण डाक्टर काही तिजारीचे दिवस मोजत बसणार नाही. अंग तापलेलं लागलं की डोलीत घालणार. आपल्या पाड्यातली सहा माणसं आजवर रोगाच्या इस्पितळात गेली, एकही परत आलं नाही. आणि हिला तर पाण्याचा तांब्या उजवीकडे ठेवलाय की डावीकडे, हेसुद्धा तिथे कोणी सांगायचं नाही.

दारावरचं तांबडं वर्तुळ, रोग निघालेल्या घराची ती खूण, तू पाहिलंसच, गेल्या रविवारी, घराचा भाव ठरला त्या दिवशी. तेव्हापासून आपल्या ओटीवर कोणी टेकलेलं नाही. पूर्वी दुपारी कोळंबी सोलायला सात-आठ जणी बसायच्या आणि आय मध्ये बसून सगळ्यांच्या सासवांचं गुपित फोडायची. आता बायका पाण्याला जातात त्या पलीकडच्या गल्लीतून. शिमग्याला पोरं ढोल घेऊन घरोघर निघाली. आयने सकाळपासून नारळ आणि पैसा मांडीवर घेऊन ठेवला होता, नवं लुगडं नेसली होती. ढोल आपल्या शेजारापर्यंत वाजत आला, मग थांबला, आणि जरा वेळाने दोन घरं सोडून पुढे वाजायला लागला. आयने मान वळवली. "पोरां आमचं दार इसरली का गो?" मी म्हटलं, पोरांना चढली आहे, कुठलं दार नि कुठली भिंत. तिने नारळ परत फडताळात ठेवला.

हे घर उभं केलं तेव्हाचं तुला आठवतं का? मला या आठवड्यात दुसरं काही सुचतच नाही. कौलं मी बंदरावरून डोक्यावर आणली, दिवसाला दोन खेपा, मान आखडली की आय ऊन खोबरेल चोळायची. आणि ते आढं! वादळानंतर फुटक्या गलबताची डोलकाठी पाण्यावर तरंगत होती, ती तू आणि तुझा धाकटा भाऊ आनंदा दोर बांधून ओढत घेऊन आलात. अख्खा पाडा म्हणत होता, वीस रुपयांना विका. आनंदा म्हणाला, विकायची कशाला, डोक्यावर घेऊन झोपू. अजून त्या लाकडाला उन्हाळ्यात मिठाचे पांढरे डाग उमटतात. आणि दार. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तुला काही काम नसायचं, तेव्हा मी मडमेच्या शाळेत शिकलेली अक्षरं तुला त्या दारावर कोळशाने गिरवायला लावायचे. तू एवढा दांडगा माणूस, पण 'क्ष' काढताना घाम फुटायचा तुला. मी पुसून टाकायचे आणि पुन्हा काढायला लावायचे. मला वाटतं ते आपले सगळ्यात चांगले दिवस होते.

मग आनंदा बुडून गेला. तुझ्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर. त्या दिवसापासून तू पाण्यात पाय घातला नाहीस. मी दोन महिने गप्प बसले आणि मग माझी जीभ सुटली. मासळी उतरत होती, बंदरावर बायकांची ही गर्दी, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले की माझा घरवाला हल्ली माशांना भितो. केवढ्या हसल्या सगळ्या. तू टोपली उचलली होतीस, ती खाली ठेवलीस आणि निघून गेलास. दुसऱ्या आठवड्यात परळच्या गिरणीत लागलास. मी शेवंताला एकदाच पाहिलं आहे, लालबागला सुकट विकताना. दिसायला माझ्याहून काही बरी नाही, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पण तू भ्यालास तेव्हा ती हसली नसेल, एवढं मला पटतं. ती जिंकली ती तिथेच. भीती म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, लहू. मला वाटायचं, भीती म्हणजे पळणं. ती तर एका जागी बसवते. गेले तीन दिवस मी चुलीपाशी बसते आणि भात करपतो.

आता घराचं. पंचांनी सांगितलं ते आपण दोघांनी मान्य केलं होतं. घराचा भाव करायचा, राहील त्याने जाणाऱ्याला निम्मे द्यायचे, एकरकमी, पाडव्याच्या आत. मला जमलं नाही तर तू मला निम्मे देणार आणि घर तुझं. तू लपवलं नाहीस, सरळ बोललास की तुला राहायचं नाही, तू ते सुक्या बोंबलांच्या व्यापाऱ्याला वखारीसाठी देणार. आयला घोडपदेवला नेणार. तू गेल्यावर आय मला म्हणाली, "मना त्या धुराच्या चाळीत नेऊ नको गो. हितं मना भिंती ठाऊक हायेत." बारा पावलं चुलीपर्यंत, सात ओटीपर्यंत, तिथून हात लांब केला की दाराची कडी. ती आंधळी आहे ती या घराबाहेर. घरात नाही. पाडा म्हणत होता, तीनशेच्या खाली हे घर जायचं नाही, नुसत्या आढ्यालाच पंच पन्नास धरतील. निम्मे म्हणजे दीडशे. माझ्या पुतळ्या, कानातलं, सगळं मोडून माझ्याकडे साठ आणि वर थोडे होते.

पंच कसा भाव करतात ते तू माझ्याआधी पाहिलेलं आहेस. आत येतात, ओटीवर बसून पान खातात, उठून एकेका खांबावर बोटाच्या पेराने ठोकतात, आढ्याखाली उभे राहतात, मग उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबतात. रविवारी तसं काही झालं नाही. गोमा पाटील आणि ते दोघे म्हातारे गल्लीच्या तोंडाशी आले, त्यांनी दार पाहिलं आणि तिथेच थांबले. मी उंबऱ्यावरून सांगितलं की अलिबागेकडची एक सुकटवाली रात्रीपुरती ओटीवर उतरली होती, तिला गाठीचा ताप आला, सगळे बंदरावर असताना तिला गाडीत घालून नेलं आणि जाताना खूण करून गेले. पाटलाने नाकाला धोतराचा सोगा लावला. उपरण्याखाली हात गेले नि लगेच बाहेर आले. एकशे वीस. एवढ्या लांबून आढं कोणाला दिसतं? खांब कोण वाजवतो?

तू तर गल्लीतल्या भिंतीला टेकून उभा होतास. मला वाटलं तू भांडशील. तुझ्या घामाचं घर पाण्याच्या मोलाने चाललं होतं. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. तू एकच विचारलंस, आय कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. मी पैसे मधल्या दगडावर ठेवले, तू मोजले नाहीस, त्यातले पाच त्याच दगडावर परत ठेवलेस. आयच्या औषधाला, म्हणालास. मग वळलास आणि चार पावलं गेल्यावर थांबून म्हणालास, चांगुणा, तूही जप. ते पाच रुपये अजून फडताळात त्या नारळाशेजारी आहेत. मला त्यांना हात लावता येत नाही.

लहू, सुकटवाली कोणी आली नव्हती. कोणाला ताप आला नाही, कोणाला नेलं नाही. ते वर्तुळ मी काढलं. गेल्या शनिवारी दुपारी भरतीबरोबर होड्या लागल्या, सगळा पाडा बंदरावर गेला, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. खालच्या आळीत तीन दारांवर तशी वर्तुळं मी लांबून पाहिली होती, आणि त्या घरांना कोणी फुकटही हात लावत नव्हतं हेही पाहिलं होतं. माळ्यावर तुझ्या होडीचा रंग उरला होता, मडक्यात, तांबडी हुरमुंजी माती मुशीच्या तेलात खललेली. मला वाटलं, पंच येऊन जाऊ देत, मग राखेने घासून टाकीन. चार दिवसांत सगळे विसरतील. घाईत वर्तुळ जरा वाकडं आलं.

तुला आता हसू आलं असेल, कडू का होईना. तो रंग होडीच्या नाळेला, पाणी कापणाऱ्या टोकाला लावायचा. तूच सांगायचास, दोन पावसाळे समुद्राने चाटला तरी जात नाही. राख झाली, चिंच झाली, काथ्या झाला, वाळूने घासून माझ्या बोटांची सालं गेली. वर्तुळ आहे तिथे आहे, उलट घासून जास्त चकाकतंय. तासून काढावं तर लाकडाचा नवा रंग ओरडून सांगेल, आणि खूण पुसली तर तुरुंग, असं दवंडीवाल्याने चौकात सांगितलं आहे. गेल्या सोमवारी आय चाचपत दाराशी गेली, फळीला नाक लावलं, आणि तिचं तोंड एवढं खुललं की काय सांगू. म्हणाली, "लहू आला काय गो? होडी रंगवतो काय?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग वास कसा येतो. तेव्हापासून ती तुझी वाट बघते आहे.

बुधवारी रोगाच्या कामावरचा मुकादम आला, हातात वही. आपल्या पाड्यातल्या प्रत्येक वर्तुळात तारीख आणि आकडा आहे, तो त्याच्या वहीत आहे. माझं वर्तुळ रिकामं. त्याने वही दोनदा चाळली आणि मला विचारलं, कोण मेलं? मी म्हटलं, कोणी नाही. मग खूण कोणी केली? मी खरं सांगून टाकलं. मी काढली, घरासाठी काढली. तो हसला. म्हणाला, "बाई, स्वतःच्या दारावर मरण कोण काढतं? मढं लपवलंय तुम्ही. घरात पुरलंय." मग त्याने पाटलाला विचारलं, आणि पाटलाने प्रामाणिकपणे मी त्याला सांगितलेलं सगळं सांगितलं, ती सुकटवाली, तिचा ताप, ती गाडी. आता मी खरं बोलले तरी ते दुसरं खोटं ठरतं. सोमवारी सकाळी साहेब, डाक्टर आणि शिपाई येणार. कौलं उतरवणार, जमीन उकरणार, आम्हा दोघींना छावणीत नेणार, आणि आयच्या अंगात ताप असला तर छावणीतही नाही, सरळ इस्पितळात. तिला घेऊन आधीच निघून जावं तर गल्लीच्या दोन्ही टोकांना पहारा आहे. हे पत्र रामू गाडीवाल्याकडे कुडाच्या फटीतून देणार आहे. जाताना मुकादम एवढं म्हणाला की घरपट्टी अजून लहूच्या नावावर आहे, मालक कुठे आहे, मालकाने येऊन सांगू दे.

मला रात्रंदिवस तेच दिसतं. आयला डोलीत घालतायत आणि ती हात पुढे करून भिंत शोधते आहे. मी घर वाचवायला निघाले आणि जिच्यासाठी वाचवलं तिलाच दारावर खूण करून देऊन टाकलं. मध्येच वाटतं, खूण काढली म्हणून रोग खरंच वाट विचारत येईल. मग मी पुन्हा तिची काख चाचपते.

म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही, ती तू देशील न देशील. सोमवारी ये. एक खाडा पडेल, पगार कापतील, तरी ये. ऊन वर यायच्या आत ये, गोमा पाटलाला बरोबर घे, आणि साहेबासमोर मला चोर म्हण. माझ्या शब्दाला किंमत नाही, कारण मला सुटायचं आहे. पण तुझं नुकसान झालंय. ज्याचं अर्धं घर बुडालं तो माणूस ओरडून सांगायला लागला, की या बाईने मला लुबाडायला हे वर्तुळ माझ्याच होडीच्या रंगाने काढलं, तर ते कोणालाही पटेल. रंगाचं मडकं माळ्यावर डाव्या कोपऱ्यात आहे, ते खाली काढून दाखव. मोठ्याने बोल. शिव्या दे. तुला रागावता येत नाही, म्हणून आजपासूनच सराव कर, मी बंदरावर काय बोलले होते ते आठव म्हणजे जमेल. पंच मला वाळीत टाकतील, टाकू देत. मग त्यांना आत बोलाव, ओटीवर बसव, पान दे, खांब वाजवू दे, आनंदाच्या आढ्याखाली उभं कर, आणि खरा भाव होऊ दे. घर तू घे. माझे निम्मे मला नकोत. ते आयचं भाडं समज, आणि ती आहे तोवर वखार करू नकोस. उद्या तिचा ताप उतरलेला असेल, मी तिला सांगून ठेवते की लहू येतोय. तू भ्यालास तेव्हा मी हसले होते. आज मी भ्याले आहे. तू हसू नकोस, ये.

तुझी आता कोणी नाही, पण अजून तुझ्या आयची सून,
चांगुणा